काटा, टेप आणि घड्याळ : शरीरक्षमतेची प्रगती कशी मोजावी?

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने पहाटे प्रवास केल्यास दोन प्रकारची माणसे हमखास दृष्टीस पडतात. पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावणारे तरुण-तरुणी हा पहिला प्रकार. डॉक्टरांनी सांगितले म्हणून झपझप चालणारी चाळिशी-पन्नाशीतील मंडळी हा दुसरा. या मंडळींत शिक्षक असतात, ग्रामपंचायतीचे सदस्य असतात, कचेरीत दिवसभर बसून काम करणारे कर्मचारीही असतात.

पहिल्या गटाला आपली प्रगती नेमकी ठाऊक असते. सोळाशे मीटर अंतर गेल्या महिन्यात किती वेळात कापले आणि आज किती वेळात, हे त्यातील कोणीही सेकंदांसह सांगू शकतो. दुसऱ्या गटातील व्यक्तीस "काय फरक पडला?" असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : "वजन काही हलत नाही." वजन हलत नाही म्हणून उत्साह मावळतो, एके दिवशी पाऊस पडतो, दुसऱ्या दिवशी लग्नकार्य निघते आणि चालण्याचा क्रम कायमचा तुटतो.

या मंडळींना व्यायामाचा उपयोग होत नव्हता, असे नव्हे. उपयोग मोजण्याचे साधन अपुरे होते. हे अपुरेपण कोठे आहे आणि शाळेत, कचेरीत किंवा गावात सहज मिळणाऱ्या साधनांनी ते कसे भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वजन काय सांगते आणि काय सांगत नाही

काटा संपूर्ण शरीराचा एकच अंक देतो. त्या अंकात हाडे, स्नायू, चरबी, रक्त, पाणी आणि नुकतेच घेतलेले जेवण यांची बेरीज असते. बेरजेतील कोणता आकडा वाढला आणि कोणता घटला, हे बेरीज पाहून कळत नाही.

सकाळ-संध्याकाळच्या वजनात एखाद्या किलोचा फरक सहज पडतो. आदल्या दिवशी खारट पदार्थ अधिक खाल्ले, तर शरीरात पाणी धरून ठेवले जाते. उन्हात काम करून घाम गेला, तर ते कमी होते. यकृतात आणि स्नायूंत शर्करेचा जो साठा असतो, त्याच्यासोबत त्याच्या सुमारे तिप्पट पाणी साठलेले असते. म्हणून उपासाच्या पहिल्या काही दिवसांत वजन झपाट्याने उतरते. ते मुख्यतः पाणी असते आणि नेहमीचा आहार सुरू होताच परत येते.

याउलट, नियमित व्यायामाने चरबी घटते आणि स्नायूंना बळकटी येते. समान वजनाच्या चरबीपेक्षा स्नायू कमी जागा व्यापतो. त्यामुळे कंबर सैल होते, जिना चढताना धाप लागत नाही, झोप सुधारते. पण काटा मात्र जागचा हलत नाही. केवळ काट्यावर विसंबणारा माणूस नेमका याच टप्प्यावर निराश होतो.

वढू बुद्रुक आणि पुण्याचे संशोधन

वजन फसवे असू शकते, हे जगाला दाखवून देणारे महत्त्वाचे संशोधन पुणे जिल्ह्यातच झाले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. डॉ. कोयाजी यांना १९९३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. पुढे २००२ साली वढू केंद्रामार्फत शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांची नियमित आरोग्य व लोकसंख्या नोंद सुरू झाली.

याच रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व बालकांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांचे त्यास सहकार्य होते. या गावांत जन्मलेल्या बालकांची तुलना साउथॅम्प्टन येथील बालकांशी करण्यात आली. आपल्याकडील बालकाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर तेथील बालकाचे ३.५ किलो होते. केवळ काटा पाहिला असता, तर 'आपली बालके लहान व कृश' एवढाच निष्कर्ष निघाला असता. परंतु संशोधक तेथे थांबले नाहीत. त्यांनी टेपने घेर मोजले आणि कॅलिपरसारख्या चिमट्याने त्वचेच्या घडीची जाडी मोजली. तेव्हा असे आढळले की, आपल्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान असले, तरी पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बालक दिसावयास रोडके, पण शरीराच्या घडणीत चरबीचा वाटा अधिक, असे हे चित्र २००३ साली प्रसिद्ध झाले.

पुढील वर्षी डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन किती, हे दर्शविणारा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र डॉ. युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के निघाले. एक जण मॅरेथॉन धावणारा; दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ती गाठण्यासाठी केलेली धावपळ, असे त्यांनी मिस्कीलपणे नमूद केले होते.

हा फरक किलोंमध्ये मांडला, तर अधिक स्पष्ट होईल. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६४.५ किलो असेल, तर त्याचा निर्देशांक २२.३ येतो. अशा दोन माणसांपैकी एकाच्या शरीरात सुमारे ६ किलो आणि दुसऱ्याच्या शरीरात सुमारे साडेतेरा किलो चरबी असू शकते. काटा दोघांनाही एकच उत्तर देईल.

या संशोधनाचा आपल्यासाठी अर्थ गंभीर आहे. "मी तर हडकुळा, मला कशाला साखर होईल?" हा समज आपल्या भागात सर्वत्र आढळतो. भारतीय माणसाला तुलनेने कमी वजनातही मधुमेह जडू शकतो आणि त्यास पोटाभोवती साठणारी चरबी मोठ्या प्रमाणात कारणीभूत असते. म्हणजे जाड माणसाला काटा कधी विनाकारण निराश करतो, तर सडपातळ माणसाला खोटा दिलासा देतो. दुसरी चूक अधिक धोक्याची आहे.

भरतीचे मैदान आणि गावची तालीम

शरीराची पारख कार्यशक्तीवरून करण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ५ व ७ यांची मुख्यालये दौंड येथे आहेत. या बलाच्या सशस्त्र शिपाई भरतीत पाच किलोमीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक यांना गुण असतात. जिल्हा पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. उंची मोजली जाते, पुरुष उमेदवारांची छाती साधी व फुगवून मोजली जाते. पण वजनाला एकही गुण नाही. मैदानावर निर्णय देतात ते टेप आणि घड्याळ.

गावच्या तालमीतही हाच दंडक होता. वस्ताद पोराला "किती भरलास?" असे न विचारता "किती जोर, किती बैठका?" असे विचारीत. कुस्तीत वजनाला स्थान आहे, परंतु ते जोड ठरविण्यापुरते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळविले, ते ५७ किलो गटात. काट्याने त्यांचा गट ठरविला. पदक ठरले ते आखाड्यात.

घरच्या घरी करावयाची सहा मोजमापे

प्रौढ व्यक्तीस आपली प्रगती पाहण्यासाठी पुढील सहा मोजमापे पुरेशी आहेत. त्यांसाठी शिंप्याची टेप, सेकंदकाट्याचे घड्याळ अथवा मोबाइल, बिनहाताची एक खुर्ची आणि शाळेचे मैदान एवढेच साहित्य लागते.

१. कंबरेचा घेर : सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोहोंच्या मधोमध टेप आडवी गुंडाळावी. ती सैल नसावी व कातडीत रुतूही नये. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढू नये. विजारीचा किंवा लुगड्याचा माप-अंदाज येथे चालत नाही, कारण वस्त्र बहुधा पोटाच्या खाली नेसलेले असते. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधतेची मर्यादा मानली जाते. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा लक्षात ठेवण्यास सोपा नियम होय.

२. विश्रांतीची नाडी : सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. प्रौढांत सामान्यतः ६० ते १०० ठोके असतात. काही आठवडे नियमित व्यायाम केल्यास हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि हा आकडा हळूहळू उतरतो. ताप, अपुरी झोप किंवा चिंता असता तो चढतो, हेही ध्यानात ठेवावे.

३. सहा मिनिटांची चाल : मैदानावर ३० मीटर अंतरावर फक्कीने दोन रेषा माराव्यात. सहा मिनिटांत या रेषांमध्ये येरझाऱ्या घालून, न धावता, जेवढे जास्तीत जास्त अंतर चालता येईल तेवढे चालावे आणि एकूण मीटर लिहावेत. दम लागल्यास थांबण्यास हरकत नाही. घड्याळ मात्र चालू ठेवावे.

४. खुर्चीवरून उठणे-बसणे : सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. यावरून मांड्यांची व कमरेची ताकद कळते. वृद्धांसाठी दुसरी पद्धत आहे. लागोपाठ पाच वेळा उठून बसण्यास १२ किंवा अधिक सेकंद लागत असतील, तर स्नायूंची शक्ती क्षीण होत असल्याचे ते लक्षण असू शकते, असे आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सुचविले आहे. तरुणांनी याऐवजी एका दमात किती जोर मारता येतात, ते मोजावे.

५. लवचीकपणा : जमिनीवर पाय सरळ पसरून बसावे आणि गुडघे न वाकविता पुढे झुकावे. बोटे पावलांपर्यंत पोहोचण्यास किती सेंटिमीटर कमी पडतात किंवा किती पुढे जातात, ते पट्टीने मोजावे. झटका देऊ नये.

६. तोल : भिंतीजवळ एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, ते पाहावे. शेजारी आधारासाठी कोणी असावे. उतारवयात पडून हाड मोडण्याचा संभव असतो, म्हणून पन्नाशीनंतर हे मोजमाप टाळू नये.

छातीत दुखणे, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गरोदरपण असल्यास तिसरे व चौथे मोजमाप वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

मोजण्याची शिस्त

तलाठ्याच्या दप्तरात काय किंवा शाळेच्या हजेरीपटात काय, नोंद विश्वसनीय असेल तरच तिला मोल असते. शरीराच्या मोजमापांचेही तसेच आहे. त्यासाठी काही पथ्ये पाळावीत.

मोजमाप नेहमी त्याच वेळी, शक्यतो सकाळी काही खाण्यापूर्वी घ्यावे. मोजणारी व्यक्ती तीच असावी. प्रत्येक घेर दोनदा मोजून सरासरी लिहावी. कापडी टेप वापराने ताणली जाते. म्हणून अधूनमधून ती पोलादी पट्टीशी ताडून पाहावी. कंबरेत एखाद्या सेंटिमीटरचा फरक मोजण्याच्या चुकीनेही पडतो, त्यामुळे त्यावरून आनंद किंवा खेद मानू नये. दोन-तीन नोंदी सातत्याने एकाच दिशेने जात असतील, तर तो खरा बदल समजावा.

रोज मोजण्याचा सोसही बरा नव्हे. नाडी व वजन आठवड्यातून एकदा, कंबर महिन्यातून एकदा आणि उरलेली मोजमापे चार ते सहा आठवड्यांनी घेणे योग्य होय. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुलना स्वतःच्याच मागील नोंदीशी करावी. पंचावन्न वर्षांच्या सभासदाने पंचविशीतील शिपायाशी स्पर्धा करण्यात काहीच हशील नाही.

एक नमुना नोंद

ही नोंद कशी वाचावी, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दौंड तालुक्यातील ४४ वर्षांचे एक शिक्षक आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास वेगाने चालू लागले आणि दोन दिवस बैठका व जोर करू लागले, असे समजू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम व दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचविला आहे. हा क्रम त्यास धरून आहे. आरंभी व तीन महिन्यांनंतर त्यांच्या वहीत पुढील आकडे आहेत :

वजन : ७२ किलो, नंतर ७१.५ किलो
कंबर : ९६ सेंटिमीटर, नंतर ९२ सेंटिमीटर
सकाळची नाडी : ८२, नंतर ७४
सहा मिनिटांची चाल : ४८० मीटर; नंतर ५४० मीटर
खुर्चीवरून उठणे : १३ वेळा; नंतर १७ वेळा

पहिली ओळ तेवढी वाचली, तर तीन महिन्यांचे श्रम अर्ध्या किलोत संपतात. पाचही ओळी वाचल्या, तर पोटाची चरबी घटली, हृदयाची क्षमता वाढली आणि पायांत बळ आले, हे दिसून येते. तथापि कंबर अद्याप ९० च्या वर आहे, म्हणजे काम पुरे झालेले नाही, हेही तीच नोंद सांगते. योग्य मोजमाप उमेद देते आणि भ्रमही ठेवीत नाही.

वजनाकडे केव्हा लक्ष द्यावे

या सर्व विवेचनाचा अर्थ काटा अडगळीत टाकावा, असा मुळीच नाही. काही प्रसंगी वजन हीच पहिली सूचना असते. व्यायाम किंवा आहार यांत काहीही बदल न करता वजन घटू लागले, तर त्याचे कौतुक न करता तपासणी करून घ्यावी. क्षयरोग आणि मधुमेह या दोन्ही आजारांत असे घडते. "छान बारीक झालात" असे म्हणून आपण कित्येकदा आजाराचेच अभिनंदन करीत असतो.

पायांवर सूज येऊन दोन-तीन दिवसांत वजन वाढणे, हेही हृदय किंवा मूत्रपिंड यांच्या विकाराचे लक्षण असू शकते. गरोदर मातेच्या बाबतीत वजनाची नियमित नोंद आवश्यकच आहे. अंगणवाडीतील बालकांचे वजन तर दरमहा घेतलेच पाहिजे. मात्र तेथेही उंची आणि दंडाचा घेर यांची जोड दिली जाते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे चिन्ह मानले जाते. म्हणजे अंगणवाडी सेविका जे करीत आली आहे, तेच आता प्रौढांनी शिकावयाचे आहे.

शाळा आणि ग्रामपंचायतीचे कार्य

रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, घरोघरी आलेली मोटारसायकल आणि शेतीतील यंत्रे यांमुळे शिरूर व दौंड तालुक्यांतील श्रमाचे स्वरूप बदलले आहे. एकाच घरात उसाच्या फडात राबणारे शरीर आणि यंत्रासमोर आठ तास बसणारे शरीर एकत्र नांदते. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, म्हणून गावपातळीवर मोजमापाची सोय असणे अगत्याचे आहे.

तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा सेविका जे तपासणी पत्रक भरतात, त्यात कंबरेच्या घेराची नोंद असतेच. ती करून घेण्यास संकोच वाटू नये, यासाठी स्वतः सरपंचांनी व सदस्यांनी आपले माप प्रथम द्यावे. ग्रामपंचायतीने शाळेच्या मैदानावर ३० मीटरच्या कायम खुणा करून द्याव्यात. आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घेण्याचा दिवस गावात दवंडीप्रमाणे जाहीर करावा. कारण टेप व घड्याळ कितीही उपयुक्त असले, तरी हे दोन आकडे त्यांना कळत नाहीत.

शाळांमध्ये शारीरिक क्षमता मोजण्याची परंपरा जुनी आहे. राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम १९५९-६० साली सुरू झाली होती. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, 'फिट इंडिया' चळवळीचा प्रारंभ झाला. तिच्या शालेय चाचण्यांत धावणे, पुढे वाकणे, जोर यांचा समावेश आहे. शिक्षकांनी हे आकडे प्रगतिपुस्तकात भरण्यापुरते न घेता, मुलाला त्याची मागील नोंद दाखवावी. वर्गात सर्वांसमोर वजन पुकारू नये. जाड किंवा रोडका म्हणून हिणविलेले मूल मैदानाकडे पाठ फिरवते आणि मग कोणतीही चाचणी त्याच्या उपयोगी पडत नाही. गावातील प्रौढांच्या नोंदीही ज्याच्या त्याच्यापाशीच राहाव्यात, चावडीवर त्यांची चर्चा होऊ नये.

पहाटेच्या रस्त्यावर चालणाऱ्या मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते की, उद्या चालावयास निघण्यापूर्वी एका वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून हे सहा आकडे लिहून काढावेत. वजन हवे तर सातव्या ओळीत लिहावे. तीन महिन्यांनी तेच पान उघडावे आणि चालणे चालू ठेवावयाचे की सोडावयाचे, याचा निर्णय सर्व ओळी वाचून मगच करावा.